एकसष्टावा नग

नग खराब निघाला की मी आधी माप विचारत नाही, नंबर विचारते. "किती कमी आहे?" हा प्रश्न दुसरा. "कितव्या कॉलेटचा?" हा पहिला. कॉलेट म्हणजे मशीनमधली तुकडा घट्ट धरणारी पकड. नवीन आलेली पोरं गोंधळतात. त्यांना वाटतं, ताई आता मायक्रोमीटर मागतील, चष्मा सारखा करतील आणि कुठलातरी ऑफसेट, म्हणजे हत्यार कुठपर्यंत जायचं तो आकडा, मिलिमीटरच्या दोन शतांशानं हलवायला सांगतील. मी म्हणते, लागोपाठचे बारा नग घेऊन ये, आणि क्रम मोडला तर परत जा.

ही सवय मला कशी लागली त्याची एक गोष्ट आहे, आणि त्या गोष्टीत चूक माझीच आहे. पण त्याआधी मशीन कसं चालतं ते सांगायला हवं. ज्यांनी नुसतं लेथ किंवा संगणकावर चालणारं सीएनसी मशीन पाहिलंय त्यांच्या डोळ्यांसमोर हे चित्र येत नाही.

रोटरी ट्रान्सफर मशीन. आमच्यात नुसतं 'ट्रान्सफर'. मधे एक गोल टेबल, त्याच्या कडेनं घड्याळातल्या आकड्यांसारखे बारा कॉलेट. टेबलाभोवती बारा स्टेशनं. पहिल्या स्टेशनला बारचा, म्हणजे धातूच्या लांब सळईचा, तुकडा कापला जाऊन कॉलेटमध्ये बसतो, बाराव्याला तयार नग बाहेर पडतो. मधल्या दहा ठिकाणी दहा वेगवेगळी हत्यारं एकाच वेळी दहा वेगवेगळ्या तुकड्यांवर तुटून पडलेली असतात. कुठे ड्रिल, कुठे भोक घासून मापात आणणारा रीमर, कुठे आत आटे पाडणारा टॅप, कुठे आडवं भोक पाडणारं छोटं युनिट. सगळी मागे सरली की टेबल एक घर पुढे जातं. खट्. परत सगळी एकदम आत. दर 'खट्'ला एक नग. तुकडा जागच्या जागी धरलेला, हत्यार फिरतं. मल्टिस्पिंडल ऑटोमध्ये, म्हणजे अनेक स्पिंडलच्या (बार धरून फिरवणाऱ्या दांड्यांच्या) आपोआप चालणाऱ्या लेथमध्ये, याच्या उलट: सहा किंवा आठ बार एका ड्रममध्ये गरगरत असतात, ड्रम घर बदलतो आणि हत्यारं बहुतेक न फिरता पुढे-मागे होतात. दिसायला दोन्ही वेगळी, पण पोटातली कल्पना एकच. एका नगाला दहा पायऱ्या लागोत नाहीतर पंधरा, तुम्ही थांबता ते फक्त सगळ्यात लांब पायरीपुरतं.

सेटरचं, म्हणजे मशीन जुळवून देणाऱ्याचं, आयुष्य त्या सगळ्यात लांब पायरीमागे जातं. आमचा तेव्हाचा नग पितळेचा होता. ३६ मिमी लांब, एका टोकाला आटे, आत ४ मिमी व्यासाचं ३० मिमी खोल भोक आणि भोकाच्या तोंडाशी शंकूसारखी सीट, जिच्यावर एक छोटी गोळी बसून दाब अडवते. पितळेत ४ मिमीचं ड्रिल ६,००० आरपीएमवर, फेऱ्याला ०.१ मिमी फीडनं चालवलं तर सेकंदाला १० मिमी आत जातं. म्हणजे ३० मिमीला तीन सेकंद. टेबल फिरायला आणि हत्यारं आत-बाहेर व्हायला मिळून १.४ सेकंद धरा. एकूण ४.४. बाकीची नऊ स्टेशनं एका सेकंदात आपलं काम उरकून या ड्रिलची वाट बघत उभी. तासाला जेमतेम आठशे नग.

मग काय करायचं, तर ते भोक तीन स्टेशनांत वाटायचं. पहिल्यानं १० मिमी पाडायचं, दुसऱ्यानं २० पर्यंत न्यायचं, तिसऱ्यानं तळ गाठायचा. चक्राचा वेळ २.४ सेकंदांवर येतो आणि तासाला १,५०० नग पडायला लागतात. तीच वीज, तेच टेबल, तोच माणूस. यात एक बारकावा आहे जो कुठल्याही ड्रॉइंगवर लिहिलेला नसतो: दुसरं ड्रिल पहिल्यापेक्षा आणि तिसरं दुसऱ्यापेक्षा किंचित बारीक ठेवायचं, दोन-चार शतांशांनी. तीनही एकाच मापाची घेतली तर मागून येणारं ड्रिल आधीच्या भोकाच्या भिंतीला घासत आत शिरतं, तोंडाशी भोक मोठं होतं आणि ड्रिलची कडही उगाच मरते. मग शेवटी रीमर फिरवून सगळ्या पायऱ्या एक करायच्या. मी पहिल्यांदा सेटिंगला बसले तेव्हा मला वाटलं होतं की स्टोअरवाल्यानं चुकून तीन वेगवेगळ्या मापांची ड्रिल दिली आहेत. बदलून आणायला निघालेही होते.

पण ते पुढचं. गोष्ट घडली तेव्हा मी सेटर नव्हते, इन्स्पेक्शनला होते. तिसरं वर्ष. माझं काम म्हणजे मशीनशेजारच्या टेबलावर बसून नमुन्याचे नग तपासायचे: आट्यांना गो आणि नो-गो रिंग (एक बसायलाच हवी, दुसरी बसता कामा नये), भोकाला प्लग, सीटच्या खोलीला फ्लश पिन गेज. हे शेवटचं गेज मला फार आवडायचं, अजूनही आवडतं. दिसायला बोटाएवढी पितळी कुपी, मधून एक पिन. पिनचं खालचं टोक सीटवर टेकतं, वरचं टोक कुपीच्या डोक्यावर दिसतं आणि त्या डोक्यावर दोन पायऱ्या घासलेल्या असतात, एक वरची मर्यादा, एक खालची. पिनचं टोक दोन पायऱ्यांच्या मधे आलं की नग पास. हे डोळ्यानं बघायचं नसतं. अंगठ्याचं नख फिरवायचं. नख अडलं की पिन वर आहे, नख घसरून पडलं की खाली. दोन शतांश मिलिमीटरची पायरी नखाला साफ कळते. काटा नाही, स्क्रीन नाही, सेल संपायची भीती नाही. दिवसाला शेकडो नग तपासले तरी मन लागून राहायचं.

नमुना मशीन स्वतःच बाजूला काढून देत असे. टेबल किती वेळा फिरलं ते मोजणारा एक काउंटर होता, ठरवलेला आकडा भरला की तो नग मुख्य पेटीत न पडता एका वेगळ्या नळीतून माझ्या ट्रेमध्ये यायचा. आकडा किती ठेवायचा ते मला विचारलं गेलं. मी साठ सांगितला. तासाला १,५०० नग, साठाला एक, म्हणजे तासाला पंचवीस नमुने. हिशेबाला छान. शिफ्टचे १०,५०० झाले की नमुने १७५. तक्त्यातही नीट बसत होतं.

एका आठवड्यात असेंब्लीकडून पेट्या परत यायला लागल्या. गोळी बसवून हवेचा दाब दिला की गळती. सगळ्या नगांना नाही, शंभरातल्या आठ-नऊ नगांना. मी माझे तक्ते काढले. तीन शिफ्ट, ५२५ नमुने, एकही नग मापाबाहेर नाही. सीटची खोली तर अशी सरळ चालली होती की आलेख काढला असता तर पट्टीनं ओढलेली रेघ वाटली असती. साहजिकच मी ठाम होते. असेंब्लीवाले ठाम होते. त्यांनी आमच्या रीमरला दोष दिला, आम्ही त्यांच्या गोळीला आणि त्यांच्या दाबाच्या मशीनला. दोन दिवस हेच. त्या दोन दिवसांत सेटिंगच्या पोरांनी रीमर दोनदा बदलला, सीटचं हत्यार तीनदा घासलं, आणि गळती होती तिथेच.

तिसऱ्या दिवशी आमचे जुने सेटर आले. त्यांना सगळे मास्तर म्हणत. सुट्टीवर होते. त्यांनी ना नग हातात घेतला, ना मशीनकडे पाहिलं. मला विचारलं, "टक्केवारी किती?"

"आठ, साडेआठ."

"नेमकी सांग ना."

मी कागद बघितला. "आठ पॉइंट तीन."

"शंभराला बारानं भाग बघू."

मी भागलं. आठ पॉइंट तीन तीन तीन. माझ्या पोटात काहीतरी हललं, पण अजून लख्ख कळलं नव्हतं. मास्तरांनी मशीन चालू असताना नळीखाली हात धरून लागोपाठ बारा नग घेतले आणि टेबलावर ओळीनं मांडले. मी एकेकावर गेज बसवून नख फिरवत गेले. पहिला पास. दुसरा पास. सातव्याला नख अडलं. ०.०७ मिमी कमी खोल. आठव्यापासून परत सगळे पास. त्यांनी पुढचे बारा घेतले. परत सातवा.

"आणि तुझा नमुना कितवा येतो?"

"साठावा."

"साठच का?"

"हिशेबाला सोपं पडतं म्हणून."

"साठाला बारानं भाग."

पाच. बाकी शून्य. टेबलाच्या पाच पूर्ण फेऱ्या आणि दर वेळी तोच कॉलेट माझ्या नळीसमोर. सात-आठ दिवस मी अख्ख्या मशीनमधला एकच कॉलेट तपासत होते आणि तो अगदी गुणी होता. सातव्या कॉलेटचा एकही नग माझ्या ट्रेमध्ये येणं शक्यच नव्हतं. दर शिफ्टला ८७५ खराब नग माझ्या नाकासमोरून पेटीत पडत होते आणि मी १७५ चांगल्या नगांवर नख फिरवून सही करत होते.

लसावि-मसावि शाळेत सगळ्यांनीच घोकलेलं असतं. त्याचा उपयोग काय, असं तेव्हा मीही बाईंना विचारलं होतं.

मशीन थांबवून सातवा कॉलेट काढला. कॉलेट म्हणजे फाकलेल्या कळीसारखी स्प्रिंग स्टीलची नळी असते, तिला उभ्या चिरा असतात, मागून ओढली की कळी मिटते आणि तुकडा घट्ट धरते. एका चिरेत चिपेचा, म्हणजे कापताना निघणाऱ्या धातूच्या किसाचा, एक पापुद्रा अडकला होता. नखाच्या कडेएवढा, तेलानं काळा झालेला. त्यामुळे कळी पूर्ण मिटत नव्हती. पकड होती, पण पुरती नव्हती.

इथे एक गोष्ट मला मास्तरांनी त्या दिवशी उभ्या उभ्या समजावली आणि ती मी आजही पोरांना जशीच्या तशी सांगते. कॉलेट नुसता जागेवरून जरा सरकलेला असेल तर फार बिघडत नाही. एकाच पकडीत जे जे काम होतं ते सगळं मिळून एकत्र सरकतं, त्यांचं एकमेकांशी असलेलं नातं तसंच राहतं. फार तर बारच्या बाहेरच्या अंगाशी जमत नाही. पण तुकडा मधेच घसरला तर मात्र घसरण्याआधीचं काम आणि नंतरचं काम यांची फारकत होते. आमच्या नगाचा खांदा, म्हणजे ज्या कडेपासून सीटची खोली मोजायची ती पायरी, दुसऱ्या स्टेशनला छाटला जात होता. त्यानंतर तीन ड्रिल. ड्रिलचा रेटा बसला की सातव्या कॉलेटमधला तुकडा सात शतांश मागे सरकायचा. आठव्या स्टेशनला सीटचं हत्यार आपल्या नेहमीच्या जागेपर्यंत प्रामाणिकपणे यायचं, पण तुकडाच मागे गेलेला, मग खांद्यापासून सीट तेवढी उथळ. हत्याराचा काही दोष नाही. म्हणून रीमर बदला, सीटचं हत्यार घासा, काही केल्या फरक पडत नव्हता.

चिमट्यानं तो पापुद्रा काढायला चार सेकंद लागले असतील. परत आलेल्या पेट्यांमधला नग अन् नग तपासायला मला नऊ दिवस लागले. कोणी बोललं नाही. बोलले असते तर बरं झालं असतं.

मास्तरांनी काउंटरवर साठाचं एकसष्ट केलं. एकसष्टाला बारानं भागलं की बाकी एक उरते, म्हणजे प्रत्येक नमुना पुढच्या कॉलेटचा. बारा नमुन्यांत, ७३२ नगांत, अर्ध्या तासाच्या आत सगळे कॉलेट एकेकदा माझ्या हाताखालून जातात. शिवाय एकसष्ट ही मूळ संख्या. उद्या तोच काउंटर सहा स्पिंडलच्या ऑटोवर लावा, दहा किंवा सोळा स्टेशनांच्या ट्रान्सफरवर लावा, कुठेही तो अडकून पडत नाही.

त्यानंतर वर्षभरात मी सेटिंगला बदली मागून घेतली. मास्तर नको म्हणाले नाहीत, एवढंच म्हणाले की हात काळे होतील. झाले.

या मशीनचा खराब नग आपलं दुखणं मापातून कमी आणि पाळीतून जास्त सांगतो. सगळे नग एकदम बिघडले तर एखाद्या स्टेशनचं हत्यार तुटलंय किंवा टवका उडालाय. सगळे हळूहळू एकाच दिशेला सरकत असतील तर हत्याराची झीज किंवा मशीन तापतंय. दर बारावा बिघडत असेल तर कॉलेट. आणि कसलीच पाळी नसेल, कधी तिसरा, कधी पन्नासावा, तर बार वाकडा आहे, तुकडा नीट भरला जात नाहीये किंवा चिपा कुठेतरी साचून मधूनच पडताहेत. हा शेवटचा प्रकार सगळ्यात हलकट. बाकीच्यांवर औषध आहे.

एका स्पिंडलच्या ऑटोवर, ज्याला सगळे सरसकट ट्रॉब म्हणतात मग कंपनी कुठलीही असो, 'कितवा' हा प्रश्नच नसतो. एक स्पिंडल, एक कॉलेट, कामं एकामागून एक. या सगळ्या खानदानाचा मूळपुरुष तसाच होता. अमेरिकेत हार्टफर्डला ख्रिस्तोफर स्पेन्सर नावाचा माणूस होता, आधी बंदुका बनवणारा. यादवी युद्धातली स्पेन्सर रायफल त्याचीच. त्यानं १८७३ मध्ये आपोआप स्क्रू बनवणाऱ्या लेथचं पेटंट घेतलं. त्यातलं खरं डोकं म्हणजे एक फिरता ड्रम, त्यावर पट्ट्या स्क्रूनं बसवायच्या. पट्टीच्या उतारावर तरफ सरकली की हत्यार पुढे-मागे होतं. पट्ट्या बदलल्या की नग बदलला. आणि गंमत अशी सांगतात की पेटंटच्या वकिलाला ड्रम आणि पट्ट्यांचं महत्त्वच कळलं नाही, दाव्यात ते नीट आलंच नाही. मग काय, ज्याला त्याला ती कल्पना मोकळी. पुढे १८९० च्या दशकात त्याच हार्टफर्डमध्ये हेन आणि हेकवेसेल या दोघांनी एकाच्या जागी अनेक स्पिंडल ड्रममध्ये बसवले, सगळी कामं एकाच वेळी सुरू झाली, आणि तेव्हापासून जगातल्या कुठल्यातरी इन्स्पेक्टरला 'कितव्या स्पिंडलचा' हे विचारावं लागायला लागलं असणार.

तिकडे स्वित्झर्लंडमध्ये घड्याळाच्या स्क्रूंसाठी वेगळीच वाट निघाली. बार स्वतःच पुढे सरकतो आणि हत्यार आधाराच्या बुशीला लागून कापतं, म्हणून केसाएवढी पिनही वाकत नाही. मूतिए नावाच्या एका लहानशा गावात टोर्नोस, बेक्लेर आणि पेटरमान अशा तीन कंपन्या याच मशीनवर उभ्या राहिल्या. सूक्ष्म कामात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण वेगाचा विचार केला तर एका स्पिंडलला मर्यादा आहेच.

हे लहान नग किती अवघड असू शकतात ते बघायचं असेल तर खिशातलं बॉलपेन काढा. पुढचं ते टोक साधारण २.३ मिमीच्या तारेतून बनतं. बाहेरून शंकू, आतून शाईची वाट, पुढे गोळी बसायची वाटी, वाटीत शाई पोचवायच्या बारीक खाचा, मग ०.७ किंवा १ मिमीची टंगस्टन कार्बाइडची गोळी आत ठेवून तोंडाची कड तिच्यावर वळवायची. कड कमी वळली तर गोळी पडते, जास्त वळली तर फिरत नाही, आणि मधली जागा काही मायक्रॉनची. हे सगळं सेकंदाच्या हिशेबात, ट्रान्सफर मशीनवर. अब्जावधी पेनं बनवणाऱ्या चीनमध्ये २०१६ च्या सुरुवातीला खुद्द पंतप्रधान ली खछियांग यांनी जाहीरपणे खंत केली होती की पेनच्या टोकाचं पोलादही आपल्याला बाहेरून आणावं लागतं. वर्षभरानं, २०१७ च्या जानेवारीत, ताइयुआनच्या पोलाद कारखान्यानं ते जमल्याचं सांगितलं. ती बातमी वाचून आमच्याकडे एकजण हसला होता, रॉकेट उडवतात आणि पेनचं टोक जमत नाही म्हणून. मला हसू आलं नाही. रॉकेट एक उडवायचं असतं. टोकं कोटींनी, आणि प्रत्येकानं लिहायला हवं.

पोलादावरून आठवलं. धातूशी या मशीनचं नातं फार नाजूक असतं. वर्षानुवर्षं आम्ही जे पितळ कापलं त्यात तीनेक टक्के शिसं असायचं. शिसं पितळात विरघळत नाही, बारीक थेंबांसारखं विखुरलेलं राहतं. चिप तिथे पोचली की तुटते. म्हणून आपल्या नेहमीच्या पितळेची चिप रव्यासारखी पडते, तेलाबरोबर वाहून जाते. पण पिण्याच्या पाण्याच्या फिटिंगमध्ये शिसं नको, हे बरोबरच आहे. अमेरिकेत ४ जानेवारी २०१४ पासून पाण्याला लागणाऱ्या भागात सरासरी ०.२५ टक्क्यांहून जास्त शिसं चालत नाही. मग बिनशिशाचं पितळ आलं आणि पहिल्याच दिवशी आमचं टेबल कुरळ्या, न तुटणाऱ्या तारांनी भरून गेलं. ड्रिलभोवती गुंडाळी, कॉलेटभोवती गुंडाळी, टॅपवर तर घरटं. लेथवाला म्हणतो, ड्रिल थोडं आत, थोडं बाहेर, असं टोचत टोचत चालव. बरोबर आहे, पण आमच्याकडे ड्रिलला एक सेकंद दिलाय, दोनदा बाहेर यायला वेळ आणायचा कुठून? ड्रिलची धार बदलली, आतून तेल मारणारी ड्रिल घेतली, तेलाचा दाब वाढवला, तरी सायकल २.४ वरून ३.१ वर गेली. धातू बदलतो तेव्हा एक पायरी लांबते आणि तिच्यापायी सगळं मशीन थांबून राहतं.

उष्णतेचं थोडक्यात सांगते. सुरुवातीच्या पहिल्या तासाचे नग मी कधीच खरे मानत नाही. मशीन थंड, तेल थंड, तापत जाईल तशी मापं सरकणार. त्यावर उपाय म्हणजे तुकडे न भरता वीस-पंचवीस मिनिटं नुसतं फिरवायचं. दुसरी चूक नवशिके करतात ती गरम नग मोजायची. पितळ मीटरला एका अंशामागे १९ मायक्रॉनच्या आसपास वाढतं. ४० मिमीचा नग वीस अंश जास्त गरम असेल तर १५ मायक्रॉन लांब दिसणार. तुम्ही ते खरं धरून ऑफसेट दिला की नग थंड झाल्यावर उणा. मग परत ऑफसेट. दिवसभर स्वतःच्याच सावलीचा पाठलाग.

लोक विचारतात, आता सगळं सीएनसी असताना ही बारा डोक्यांची धुडं कशाला? तर आता ट्रान्सफर आणि मल्टिस्पिंडलही सीएनसीच झाली आहेत. कॅम, म्हणजे स्पेन्सरच्या त्या उताराच्या पट्ट्यांसारखे भाग, गेले, प्रत्येक स्टेशनला आपली मोटर आली, फीड स्क्रीनवर बदलता येतो. पट्ट्या घासत बसायचं काम संपलं याचं मला मुळीच दुःख नाही, जुन्याचे गोडवे गाणाऱ्यांनी एकदा रात्रपाळीत कॅम बदलून बघावेत. पण नग बदलायचा म्हणजे अजूनही बारा कॉलेट, दहा हत्यारं, गेज, भरायची व्यवस्था, सगळं उलगडून परत मांडायचं. एक-दोन शिफ्ट सहज जातात. दोन हजार नगांची ऑर्डर घेऊन कोणी आलं तर मी हात जोडून सीएनसी लेथकडे पाठवते. वीस लाखांची घेऊन आलं तर बसा म्हणते.

गेल्या महिन्यात एक नवीन मुलगा इन्स्पेक्शनला लागला. हुशार आहे, संगणकावर तक्ते सुंदर करतो. चौथ्या दिवशी त्याचा नमुन्याचा आलेख मला फारच देखणा वाटला. सगळे ठिपके एका रेघेत. जाऊन काउंटर बघितला तर साठ.

"एकसष्टचं साठ कोणी केलं?"

"मीच केलं ताई. एकसष्ट बघून वाटलं टाइप करताना चुकलंय कोणाचं तरी. तासाचे आकडे पूर्णांकात येत नव्हते."

मी त्याला रागावले नाही. रागवायचं कुठल्या तोंडानं? मशीन चालू होतं, मी नळीखाली हात धरला आणि लागोपाठचे बारा नग त्याच्या टेबलावर मांडले. फ्लश पिन त्याच्या हातात दिली. तो डोळ्याजवळ नेऊन पायरी बघायला लागला. नखानं, म्हटलं, नखानं. पाचव्यापाशी आला तेव्हा थांबला, मागे गेला, चौथा परत घेतला, मग पाचवा.

"हा जरासा..."

"किती ते नंतर. कितवा?"

"पाचवा."

पाचवा कॉलेट मी जेवायच्या सुट्टीत काढला. चिरा स्वच्छ होत्या, पण एका बाजूची धार झिजून चकचकीत झाली होती. नवीन बसवला. काउंटर एकसष्टवर नेला आणि त्यावर चिकटपट्टी लावून खाली लिहिलं: चुकलेलं नाही.